रिवाइंडिंगच्या दुकानातून कॉम्पॅक्टरच्या पॅनेलपर्यंत : आमची वाटचाल

भोसरी एमआयडीसीत आमचं मोटर रिवाइंडिंगचं, म्हणजे जळालेल्या मोटरीत नव्या तारेचे कॉइल भरायचं दुकान. दादा कॉइल भरायचा. वॉर्निश, भट्टी आणि उधारी माझ्याकडे. लेथच्या, प्रेसच्या, पाण्याच्या पंपाच्या मोटरी यायच्या. एकदा भरून दिलेली मोटर सहसा काही वर्षं तोंड दाखवत नसे. अपवाद कचरा दाबणाऱ्या कॉम्पॅक्टरचा. तीच 10 एचपीची मोटर काही महिन्यांत पुन्हा दारात हजर, आणि गिऱ्हाईक आमच्या वाइंडिंगच्या नावाने खडे फोडतंय!

जळालेली मोटर उघडली की बरंच कळतं. डेल्टात (तिन्ही फेजचे कॉइल त्रिकोणात जोडून) चालणाऱ्या मोटरीत एकाच फेजचे कॉइल कोळसा आणि बाकी दोन फेज जवळजवळ कोरे असतील, तर चालू मोटरीचा एक फेज उडालेला असतो. तिन्ही फेज सारखेच करपले असतील, तर जास्त लोड किंवा सारखं चालू-बंद. कॉम्पॅक्टरच्या मोटरी बहुतेक दुसऱ्या प्रकारच्या निघायच्या. दादाने एक दिवस तसे करपलेले कॉइल टेबलावर टाकले आणि म्हणाला, "वाइंडिंगचा दोष नाही रे हा. तू जाऊन पॅनेल बघून ये." तेव्हापासून आम्ही पॅनेलमध्ये, म्हणजे मोटर चालू-बंद करणाऱ्या पेटीच्या कामात, शिरलो ते शिरलोच.

या यंत्रात मोटर थेट कचरा दाबत नाही. ती हायड्रॉलिक पंप फिरवते, तेलाच्या दाबाने सिलिंडर चालतो आणि रॅम, म्हणजे कचरा दाबणारा भाग, पुढे-मागे होतो. दिशा बदलायचं काम विजेवर चालणाऱ्या सोलेनॉइड व्हॉल्व्हचं, मोटर कायम एकाच बाजूला फिरते. नवखा वायरमन इथे फॉरवर्ड-रिव्हर्स स्टार्टर मागतो. उलट फिरला तर पंप तेल ओढत नाही आणि थोड्या वेळात खराब होतो, म्हणून आमच्या पॅनेलमध्ये फेज उलटल्यावर आणि फेज गेल्यावर ट्रिप करणारा रिले असतोच. त्यावर घासाघीस करणाऱ्याला आम्ही कोटेशनच देत नाही.

खरी गोम कामाच्या पद्धतीत आहे. मॉलच्या मागच्या बाजूला उभं राहून बघा. हाउसकीपिंगचा मुलगा एक ट्रॉली ओततो, बटण दाबतो, रॅमची एक फेरी होते, मोटर बंद. दोन-तीन मिनिटांत पुढची ट्रॉली. रात्री फूड कोर्ट आवरताना तर रांगच लागते. थेट चालू केलेली मोटर सुरुवातीला आपल्या करंटच्या सहा-सात पट घेते, आणि ही गरमी निवायच्या आत पुढचा स्टार्ट येतो. कॉन्टॅक्टर (मोटरीला वीज जोडणारा स्विच) बदलताना लोक एचपी बघतात, तासाला किती स्टार्ट आहेत ते कुणी विचारत नाही. मग कॉन्टॅक्ट चिकटतात.

आमचा उपाय स्वस्त आहे. फेरी संपल्यावर मोटर लगेच बंद न करता काही मिनिटं बिनदाबाची फिरू द्यायची, त्या वेळेत नवी ट्रॉली आली नाही तरच टायमरने बंद करायची. थोडी वीज जाते, पण मोटर वाचते. शिवाय कॉन्टॅक्टर एक साइझ मोठा.

स्टार-डेल्टाबद्दल, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत सुरू करून मग डेल्टात टाकण्याबद्दल, गैरसमज फार. स्टारमध्ये करंट एक तृतीयांश होतो हे सगळ्यांना पाठ असतं, ताकदही एक तृतीयांशच उरते हे कुणी सांगत नाही. एका ठिकाणी मोटर स्टारमध्ये नुसती घुरघुरायची. वायरमनने टायमर वाढवत नेला होता. प्रत्यक्षात कुणीतरी व्हॉल्व्ह बदलताना मधल्या स्थितीत तेल टाकीत परत सोडणारा स्पूल (आतला सरकता दांडा) काढून बंद मध्याचा, म्हणजे तिथे तेल अडवणारा बसवला होता, त्यामुळे पंप पहिल्या क्षणापासून पूर्ण दाबावर. व्हॉल्व्ह बदलला, पॅनेलला हातही लावावा लागला नाही. दुसरा नेहमीचा घोळ ओव्हरलोड रिलेचा. 10 एचपीला पूर्ण लोडवर साधारण 14 अँपिअर. पण स्टार-डेल्टात रिले मेन लाईनऐवजी कॉइलच्या फेजच्या वायरीत असेल तर सेटिंग त्याच्या 58 टक्के, म्हणजे 8 च्या आसपास लागतं. पाटीवरचा 14 आकडा तसाच लावला की रिले असून नसल्यासारखा.

व्हीएफडी (मोटरीचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) हवाच म्हणणारे गिऱ्हाईक आता बरेच येतात. ठरावीक क्षमतेच्या पंपाला आणि अशा चालू-बंद कामाला त्याचा फायदा मला फारसा दिसत नाही. जनरेटर लहान असेल तर मोटर हळूहळू उचलणारा सॉफ्ट स्टार्टर देतो, तोही तासाचे स्टार्ट मोजूनच.

2016 च्या घनकचरा नियमांत रोज सरासरी 100 किलोच्या वर कचरा करणारे मोठे उत्पादक ठरले, त्यानंतर हॉटेलं, हॉस्पिटलं यांची चौकशी वाढली. जुनी यंत्रं दुरुस्तीला येतात तेव्हा पॅनेलमध्ये उंदरांनी कुरतडलेल्या वायरी, ग्लँड (वायरीभोवतीचं सील) नसलेल्या भोकातून आत आलेलं कचऱ्याचं पाणी आणि हमखास तारेने बांधून टाकलेला दाराचा लिमिट स्विच (दार उघडं असताना यंत्र बंद ठेवणारा) सापडतो. तो स्विच सोडवल्याशिवाय आम्ही मेन चालू करत नाही. तसंच साध्या चालू-बंद स्विचवर यंत्र चालवू देत नाही. लाईट येताच रॅम आपोआप सुरू होणं म्हणजे आत हात घातलेल्या माणसाचा जीव. पुश बटण आणि होल्डिंग कॉन्टॅक्ट (बटण सोडल्यावर मोटर चालू ठेवणारा, वीज गेली की सुटणारा) असला की लाईट आल्यावर यंत्र गप्प राहतं.

बाहेरून आलेल्या यंत्रांत बंद डबीतलं कंट्रोल कार्ड असतं. ते जळलं की सुटा भाग मिळत नाही आणि यंत्र भंगारात जातं. तिथे आम्ही साधे रिले किंवा छोटा पीएलसी (प्रोग्रॅमवर चालणारा कंट्रोलर) बसवतो, प्रोग्रॅमला पासवर्ड घालत नाही, ड्रॉइंग लॅमिनेट करून दाराच्या आत लावतो. त्या ड्रॉइंगची झेरॉक्स काढून दुसऱ्याने तेच पॅनेल स्वस्तात करून दिल्याचंही झालंय. पण गिऱ्हाइकाचा वायरमन रात्री अकराला ड्रॉइंग बघून "के-2 ओढत नाही" (त्या नंबरचा रिले चालू होत नाही) एवढं फोनवर सांगू शकतो, आणि बहुतेक वेळा आम्हाला गाडी काढावी लागत नाही.