कारभारी आमच्या गावात

'शाळेने तुम्हाला काय दिले' यावर लिहा, असा स्मरणिकेच्या संपादक मंडळाचा निरोप आला. शाळेनं बरंच दिलं, त्यात वेताच्या छड्याही आल्या. पण सगळ्यात जास्त काळ पुरला तो १० पैकी ४ गुण मिळालेला एक निबंध. त्याच्याबद्दलच लिहितो.

साल १९७८, इयत्ता नववी. आमच्या मराठीच्या सरांनी (नाव लिहीत नाही, कार्यक्रमपत्रिकेत छापलं तरी ते रागवायचे) कपाटातून व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' काढली आणि शेवटच्या तासाला रोज थोडी थोडी वाचायला घेतली. अभ्यासक्रमाशी तिचा काही संबंध नव्हता. बाहेर आषाढ. कौलांवर पाऊस असा कोसळायचा की सरांना मधेच पुस्तक मिटून बसावं लागायचं. आणि पुस्तकात माणदेश: उघडं रान, मेंढरं, धनगरांची वस्ती, आणि पोरं मेंढरांमागे गेल्यामुळे रिकाम्या शाळेत बसलेला एक कोवळा मास्तर. आपल्या दापोली तालुक्यात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस; तिकडे ५०० झाला तर साल बरं गेलं म्हणायचं.

'सर, माळ म्हणजे आपला सडाच ना?' असं एकानं विचारलं (सडा म्हणजे आमच्याकडचं उघडं कातळी पठार). सर म्हणाले, 'आपला सडा उतरलास की नारळी-पोफळीचं आगर लागतं. त्यांचा माळ उतरलास की दुसरा माळ लागतो.'

मी जरा आगाऊपणे विचारलं, की आपलं सोडून घाटावरचं पुस्तक कशाला? श्री. ना. पेंडसे आपल्याच मुर्डीचे, 'गारंबीचा बापू' आपल्याच मातीतला. सर हसले. 'त्यातला अण्णा खोत तुमच्या ओटीवरच बसलेला आहे. तो असा का, हे तू कधी विचारणारच नाहीस.'

मग तो निबंध. विषय: 'बनगरवाडीचा कारभारी आपल्या गावात राहायला आला तर'. कारभारी म्हणजे पुस्तकातल्या त्या वस्तीचा म्हातारा पुढारी. मी चार पानं लिहिली. कारभारी येतो, देवळाच्या पायरीवर बसतो, दोन वाड्यांमधली भांडणं मिटवतो, सगळे त्याचं ऐकतात, शेवटी गाव सुखी होतं. वही परत आली तेव्हा खाली लाल शाईत एवढंच: 'गडगे कुठे आहेत?' आणि ४ गुण. (गडगे म्हणजे आमच्याकडे हद्दीवर रचलेल्या दगडी भिंती.) हुशार म्हणवणाऱ्या मुलाला हा अपमान वाटला. मी तोंड पाडून बसलो.

दुसऱ्या दिवशी सरांनी फळ्यावर काही लिहिलं नाही, नुसतं विचारलं, की बनगरवाडीत कुलूप लावून ठेवण्यासारखं काय काय आहे ते सांगा. आम्हाला फारसं काही सांगता येईना. तिथं लोकांची सगळी दौलत चार पायांवर चालते. पाऊस जिकडे, चारा जिकडे, तिकडे ती निघून जाते. शेती आहे, पण आभाळाच्या भरवशावरची. पोलीस, कचेरी सगळं लांब. अशा ठिकाणी एका म्हाताऱ्याचा शब्द चालतो, तो चालला नाही तर वस्ती मोडेल म्हणून. 'तोच कारभारी आपल्याकडे आला,' सर म्हणाले, 'तर पहिला प्रश्न काय? कुठल्या घरातले? जमीन कुठं आहे? मग प्रत्येकजण आपापल्या गडग्याच्या आतून त्याला नमस्कार करणार.'

पुढं कधीतरी कळलं की १९५५च्या या कादंबरीचा १९५८ साली इंग्रजी अनुवाद झाला, त्याचं नाव 'द व्हिलेज हॅड नो वॉल्स'. गावाला भिंतीच नव्हत्या! सरांनी ते नाव ऐकलं होतं की नाही, ठाऊक नाही. विचारायचं राहून गेलं.

'बनगरवाडी'तला एक प्रसंग तेव्हा आम्हा मुलांना फार विनोदी वाटला होता. शेकू नावाच्या धनगराला पेरणीसाठी दुसरा बैल मिळत नाही, म्हणून त्याची दणकट बायको बैलाच्या जोडीला स्वतःचा खांदा देते. मागच्या बाकावर खसखस पिकली. सरांनी वाचन थांबवलं आणि विचारलं, शेजाऱ्याचा बैल का मागत नाही तो? कुणालाच सांगता येईना. मग त्यांनी समजावलं: पाऊस एकदाच पडतो, ओल दोन-चार दिवस टिकते, आणि त्याच दिवसांत सगळ्यांना पेरायचं असतं. शेजारी दुष्ट नाही, त्याच्याही रानातली ओल उडत चाललेली असते. आपल्याकडे पाऊस पुन्हा पुन्हा येतो, म्हणून बैल उसना मिळतो आणि माणसं दिलदार ठरतात. हे शेवटचं वाक्य वर्गाला फारसं आवडलं नाही. मला आजही पूर्ण पटत नाही, पण विसरता येत नाही.

१९८९ साली बँकेनं मला आटपाडीच्या बाजूला धाडलं. काम होतं शेळी-मेंढी कर्जाच्या तपासणीचं. एका वस्तीवर पोचलो तर वाडगं रिकामं. घोंगडी पांघरून एक म्हातारा बसला होता. मेंढरं कुठायत, म्हणालो. 'गेली खाली. पाऊस पडलाय तिकडं.' फॉर्मवर रकाना होता, 'तारण मालमत्तेचे ठिकाण'. मी लिहिलं, 'पावसाच्या मागे'. साहेबांनी ते खोडायला लावलं. त्या दिवशी संध्याकाळी खोलीवर बसून मी तो चार गुणांचा निबंध मनात पुन्हा लिहून काढला.

सरांशी माझं एका बाबतीत मात्र जमलं नाही, आणि हे त्यांना सांगायची हिंमत तेव्हा नव्हती. प्रदेशानं सगळं ठरत असतं तर गारंबीत बापू निपजलाच नसता. अण्णा खोत आणि बापू एकाच मातीतले, त्याच पोफळींच्या सावलीत वाढलेले. एकाला त्या गावानं मान दिला, दुसऱ्याला हट्ट. पण बापूचं बंड बनगरवाडीत कुणाच्या लक्षातही आलं नसतं. बंड करायला तोडीचा खोत लागतो, देवस्थान लागतं, 'लोक काय म्हणतील' म्हणणारी ओटी लागते. हल्लीच्या मालिकांमध्ये तेवढंच नसतं. बैलगाडी असते, 'व्हय' आणि 'न्हाई' असतं, आणि माणसं मात्र अंधेरीतल्या फ्लॅटमध्ये वाढल्यासारखी वागतात.

जाता जाता त्या म्हाताऱ्याचं सांगतो. पुढं ओळख वाढली, तेव्हा मी त्याला आमच्या घरचा दावा सांगितला. आमच्या आणि चुलत्यांच्या हद्दीवर फणस आहे. गडगा पावसात ढासळला, पुन्हा रचताना हातभर सरकला, आणि फणस त्यांच्याकडे गेला. म्हातारा बराच वेळ विचार करत राहिला.

'फणस चालत गेला?'

'नाही हो, गडगा सरकवला त्यांनी.'

'मग फणस हाय तिथंच हाय की.'

मी त्याला समजवायला गेलो, नकाशा काढून दाखवला, मोजणीची हकिगत सांगितली. त्यानं माझ्याकडे असं पाहिलं, जसं आम्ही नववीत शेकूच्या बायकोकडे पाहिलं होतं.

दावा अजून चालू आहे. पुढची तारीख शाळेच्या समारंभाच्या आदल्या दिवशी पडली आहे, म्हणजे एकाच फेरीत दोन्ही कामं होतील.