मधला स्पीकर

होम थिएटरच्या खोक्यावर हटकून हेलिकॉप्टर नाहीतर स्फोट छापलेला असतो. फेटा बांधून दरबारात उभा राहिलेला नट मी तरी त्यावर पाहिलेला नाही. कंपन्यांना तरी काय बोलणार? पाच स्पीकर आणि वर खर्ज घुमवणारा एक सबवूफर घरात आणून कुणी कृष्णधवल सिनेमे बघत बसेल, हे त्यांच्या ध्यानीमनी नसणार. पण हे कोल्हापूर आहे. १९३२ साली प्रभातनं इथंच 'अयोध्येचा राजा' काढला आणि मराठी सिनेमा बोलायला लागला. आमच्या मंगळवार पेठेत अजूनही चहाच्या गाड्यावर दिग्दर्शक भालजी पेंढारकरांचे किस्से निघतात, आणि किस्सा खरा की खोटा, असं विचारणाऱ्याला वेड्यात काढतात.

तर आमच्या घरी होम थिएटरची सिस्टीम बसली. फिटिंगच्या पोरानं आबांच्या खुर्चीवर, बरोबर डोकं येतं त्या उंचीला, स्टँडवर एक चिमुकला माईक उभा केला. मग एकेक स्पीकर 'टुईऽप, टुईऽप' करायला लागला. यातनं कुठला स्पीकर किती लांब आहे नि किती मोठ्यानं वाजतोय, याचा हिशोब रिसीव्हर, म्हणजे सगळ्या स्पीकरांना आवाज वाटून देणारा डबा, स्वतःच घालतो. खोलीभर टुईटुई चालू असताना आबा दारात ताटकळत उभे होते. खुर्ची मोकळी झाल्या झाल्या म्हणाले, "आता जुना लाव एखादा."

लावला. रिसीव्हर नेमका 'हॉल' नावाच्या मोडवर होता. राजा पडद्यावर, त्याचा आवाज चारी भिंतींवर. आबांनी मान वळवून मागं पाहिलं. "हा बोलतोय कुठनं? माझ्या पाठीमागनं?"

आबांची शंका रास्त होती. जुन्या सिनेमाचा आवाज मोनो, म्हणजे एकपदरी. फिल्मच्या कडेला आवाजाची एक बारीक पट्टी छापलेली असायची, प्रोजेक्टरमधला दिवा ती वाचायचा आणि आवाज पडद्यामागच्या स्पीकरमधून यायचा. पडद्याला बारीक भोकं असायची ती त्यासाठीच. संवाद, टापा, सनई, सगळं एकाच ठिकाणाहून, म्हणजे जिथं नट दिसतो तिथूनच. हा एका वाटीचा रस्सा पाच ताटांत वाढायचा, तर त्यात पाणीच घालावं लागणार. 'हॉल', 'स्टेडियम' असले मोड तेच करतात, खोटा घुमारा घालतात. थिएटरात मागून येणारा आवाज असायचा, पण तो शिट्ट्यांचा, नाहीतर हिरोच्या आधी त्याचा संवाद म्हणून मोकळं होणाऱ्याचा.

म्हणून जुन्या सिनेमाला मधला स्पीकर खरा. आणि दुकानात सगळ्यांत कमी भाव त्यालाच. लोक सबवूफरवर हात ठेवून धडधड बघतात, मधला घेतात सेटमध्ये येतो म्हणून, आणि तो टीव्हीखालच्या फळीवर ढकलतात. मग नायिका आपल्या गुडघ्यांशी बोलत राहते. फिटिंगच्या पोरानं प्लायचा एक तिरका तुकडा कापून स्पीकरच्या पुढच्या बाजूखाली सरकवला, तेव्हा त्याचं तोंड आबांच्या कानाकडं झालं. संवाद लगेच मोकळे झाले. सबवूफरला या सिनेमांत फारसं कामच नाही.

डॉल्बीचा सराउंड मोड त्या मानानं शहाणा. डाव्या-उजव्या बाजूला हुबेहूब एकच आवाज आला, तर तो मधल्याकडं धाडतो. पण आपल्याकडच्या कॉप्या कुठं तेवढ्या स्वच्छ? दोन्ही बाजूंच्या खरखरीत थोडा फरक असला, की तो फरक सराउंडचा, म्हणजे मागच्या स्पीकरांचा, आवाज समजून मागं जातो. मागच्या स्पीकरला कान लावला तर नुसती चुरचुर, जणू राजा पुढं सत्त्व राखतोय आणि मागं कुणी भजी तळतंय! सरळ मोनो करून मधल्यावर टाकणं बरं. काही रिसीव्हरमध्ये 'मोनो मूव्ही' असा पर्यायच असतो.

ट्रेबल, म्हणजे वरचे स्वर, तेही उतरवावेत. पट्टीवरची खरखर दबावी म्हणून वरचे स्वर उतरते ठेवण्याचं एक माप हॉलिवूडच्या अकॅडमीनं १९३८ साली ठरवून दिलं होतं. तेव्हाच्या सिनेमांत वरच्या टोकाला खरखरीपलीकडं फारसं काही सापडत नाही. स्पीकरच्या खोक्यावरचे वीस हजार हर्ट्झ तिथं वायाच.

'शोले'ची गोष्ट निराळी. त्याची सत्तर एमएमची प्रिंट मुळातच स्टिरिओफोनिक, म्हणजे वेगवेगळ्या बाजूंना वेगवेगळा आवाज असलेली, होती, तिथं पाचही स्पीकरांनी खुशाल कामाला लागावं. पण जुन्या मोनो सिनेमाला नवे ढोल आणि नव्या टापा चिकटवून पाच चॅनलमध्ये आणतात, ते मला सोसत नाही. आबांना चालतं. टापा मोठ्या झाल्या तर त्यांना आवडतंच.

त्या रात्री आम्ही 'अयोध्येचा राजा' एकट्या मधल्या स्पीकरवर ऐकला. तेव्हा पार्श्वगायन आलेलं नव्हतं. गोविंदराव टेंबे आणि दुर्गा खोटे कॅमेऱ्यासमोर स्वतःच गायचे, साथीदार चौकटीबाहेर बसायचे. टेंबेंचा स्वर टीव्हीच्या मधोमध, त्यांच्या तोंडातूनच आल्यासारखा येत होता. आबा पुढं सरकून बसले आणि मागचे दोन स्पीकर बंद आहेत हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

पोराच्या मात्र आलं. उरलेले पैसे न्यायला दुसऱ्या दिवशी तो आला, चार मुके स्पीकर बघून त्याचा चेहरा पडला. "मग ही बाकीची चार कशाला घेतलासा?"

"वर्ल्ड कपला लागतील की," आबा म्हणाले. "फुटबॉलच्या. आणि जाताना ती तुझी टुईटुई बंद झाली का बघ एकदा."