कोरड्यात ठेवलेली अंडी

ठाण्यातल्या आमच्या घरी मी २० लिटरच्या टाकीत गुंथेरी जातीच्या किलिफिशचा एक नर आणि दोन माद्या पाळल्या, तेव्हा त्यांची वीण करणे म्हणजे पाणी सांभाळणे, अशी माझी समजूत होती. नोथोब्रँकियस गुंथेरी हा मासा मूळचा झांझिबारचा. तिथली डबकी आटली की मोठे मासे मरतात. मात्र चिखलातली अंडी कोरड्या दिवसांत तग धरतात आणि पुढच्या पावसात फुटतात. त्यामुळे पाण्याइतकाच कोरड्या काळाचाही सांभाळ करावा लागतो, हे मला पहिला घाणा वाया गेल्यावर उमगले.

अंडी मिळवणे अवघड नव्हते. श्रीखंडाच्या रिकाम्या डब्याच्या झाकणाला मोठे भोक पाडून, उकळून गार केलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आत दोन बोटे भरले आणि डबा टाकीच्या तळाशी ठेवला. नर मादीला डब्यात वळवतो, दोघे अंगाला अंग लावून कोकोपीटमध्ये शिरतात, क्षणभर थरथरतात आणि एक अंडे पडते; असे दिवसभर चालू असते. दहा दिवसांनी डबा बाहेर काढला.

चूक पुढे झाली. जुलै महिना होता. ठाण्यात त्या दिवसांत कपडे वाळत नाहीत, तिथे पिळून वर्तमानपत्रावर पसरलेले कोकोपीट काय वाळणार! मला धीर नव्हता, म्हणून ते ओलेच पिशवीत भरले. तीन आठवड्यांत बरीच अंडी पांढरी पडून त्यांना बुरशी धरली. उरलेली मी दहाव्या आठवड्यात न तपासताच भिजवली. जी पिले निघाली त्यांतली बहुतेक तळाशी पोटावर सरपटत राहिली. अंगातली हवेची पिशवी न फुगलेली अशी पिले पोहू शकत नाहीत, आणि माझी तर आठवडाभरही जगली नाहीत.

दुसरी खेप नोव्हेंबरात घेतली. कोकोपीट या वेळी तंबाखूइतकेच दमट ठेवले, म्हणजे मुठीत दाबले तर गोळा व्हावा, पण पाणी सुटू नये. पिशवीवर तारीख घालून ती फडताळात ठेवली. (आईने ती चहाची पूड समजून एकदा उघडली, तेव्हापासून त्यावर ‘मासे’ असेही लिहिले आहे.) जानेवारीपासून दर रविवारी चिमूटभर कोकोपीट पांढऱ्या बशीत घेऊन भिंगाखाली पाहत असे. खसखशीच्या दाण्याएवढी अंडी बरेच आठवडे नुसती पिवळसर आणि नितळ दिसत होती. फेब्रुवारीच्या मध्यास एका अंड्यात दोन काळे डोळे आणि त्यांच्याभोवती सोनेरी कडे दिसले. भिजवण्याची खूण हीच.

आदल्या दिवशी आर्टेमियाची (खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या बारीक जिवाची) अंडी मिठाच्या पाण्यात घातली, कारण ती फुटायला २४ ते ३६ तास लागतात आणि पिलांना जन्मल्या दिवसापासून तेच खाणे लागते. मग उथळ ट्रेमध्ये पाच सेंटिमीटर पाणी घेऊन, फ्रिजमधले पाणी मिसळून ते २० अंशांवर आणले आणि त्यात कोकोपीट सोडले. संध्याकाळपर्यंत ३८ पिले निघाली, सरपटणारी चारच.

सगळी अंडी एका भिजवणीत फुटत नाहीत. मृगाची सर पडून पुढे उघडीप झाली की आपल्याकडे दुबार पेरणीची पाळी येते. हा मासा मात्र सगळे बियाणे पहिल्या सरीवर लावतच नाही. म्हणून ते कोकोपीट पुन्हा पिळून, नवी तारीख घालून फडताळात ठेवले. दीड महिन्याने भिजवले, तेव्हा आणखी ११ पिले निघाली.