आमची वाटचाल : शहापूरच्या गाळ्यातून

२०११ च्या दसऱ्याला बेळगावच्या शहापुरात दहा बाय बाराचा गाळा भाड्यानं घेतला. कॉम्प्युटर जोडून द्यायचे आणि बिघडलेले दुरुस्त करायचे, एवढाच तेव्हा धंदा. मी आणि धाकटा भाऊ दोघंच. हिशेब बायको बघायची, अजूनही तीच बघते. गिऱ्हाईक आजूबाजूचंच, साड्यांची दुकानं, प्रेस, एखादी सोसायटी. मशीन देताना विंडोज ७ मधला बॅकअप चालू करून द्यायचा आणि एक्स्टर्नल डिस्क मालकाच्या हातात ठेवायची. विंडोजमध्ये फुकट मिळतंय तर वेगळ्या सॉफ्टवेअरचे पैसे लोकांकडून कशाला घ्यायचे, असं आम्हाला मनापासून वाटायचं.

२०१५ च्या एप्रिलमध्ये, ऐन लग्नसराईत, गल्लीतल्या एका प्रेसवाल्या काकांचा संध्याकाळी सात वाजता फोन आला. मशीन चालू होईना. जाऊन सीपीयूला कान लावला, तर आतून टक् टक् आवाज, मग गप्प, मग पुन्हा टक् टक्. १ टीबीची, म्हणजे हजार जीबीची, डिस्क गेली होती. त्या मशीनवर पानं जुळवायचं पेजमेकर, मराठीसाठी श्री-लिपी, कन्नडसाठी नुडी, वर्षानुवर्षं जमवलेले फॉन्ट आणि प्रिंटरला बसवलेले रंग, असं सगळं होतं. आमच्याकडं एकाच लग्नाची पत्रिका बऱ्याचदा दोन्ही भाषांत निघते, त्यामुळं यातलं एक जरी नसलं तरी काम अडतं. नव्यानं सगळं टाकायचं म्हटलं तर दोन दिवस. आणि अकरा पत्रिकांचं मॅटर सकाळी छपाईला जायचं होतं.

"बॅकअप हाय म्हणत होतास न्हवं रे?" काका म्हणाले. होताच. आदल्याच आठवड्यात सिस्टिम इमेज, म्हणजे विंडोज, प्रोग्रॅम, फायली यांच्यासकट अख्ख्या सिस्टिमची प्रत, काढली होती.

दुकानात ५०० जीबीची नवी डिस्क शिल्लक होती. ती बसवली, विंडोजच्या डीव्हीडीवरून बूट केलं, तर आधी इमेजच दिसेना. कारण इमेजचं फोल्डर आम्हीच नीट लावून ठेवायच्या नादात दुसऱ्या फोल्डरच्या आत हलवलं होतं. विंडोज ते फोल्डर डिस्कच्या अगदी वरच्या पातळीवर आणि मूळ नावानंच शोधतं. ते जागेवर आणलं, इमेज दिसली, जीव भांड्यात पडला. पुढचा निरोप आला, की सिस्टिम उतरवण्याजोगी डिस्कच सापडत नाही. इमेजमधला माल जेमतेम ८० जीबी, डिस्क ५०० जीबीची, तरी नाही. विंडोजच्या या इमेजला नवी डिस्क जुन्याएवढी किंवा तिच्यापेक्षा मोठीच लागते. आत किती भरलंय याचा ती विचार करत नाही. हे आम्हाला त्या रात्रीपर्यंत माहीत नव्हतं.

रात्री साडेअकराला १ टीबीची डिस्क कुठं मिळणार? भाऊ घरी गेला, आमच्या स्वतःच्या कॉम्प्युटरची डिस्क काढून घेऊन आला. साडेचारला प्रेसचं मशीन उभं राहिलं, जसंच्या तसं, डेस्कटॉपवरची अर्धवट पत्रिकासुद्धा जिथल्या तिथं. काकूंनी चहा आणला तेव्हा माझे हात थरथरत होते. पुढच्याच महिन्यात आम्ही डिस्क इमेजिंगचं वेगळं सॉफ्टवेअर विकत घेतलं.

या सॉफ्टवेअरमध्ये फरक कुठं पडतो ते गिऱ्हाइकांना आम्ही आजही बसून सांगतो. चांगलं इमेजिंग सॉफ्टवेअर डिस्कचा वापरलेला भागच उचलतं आणि पार्टिशन आवळून लहान डिस्कवरही उतरवू देतं. हार्ड डिस्क काढून एसएसडी, म्हणजे फिरत्या भागांशिवायची वेगवान डिस्क, बसवताना याचा उपयोग रोज होतो. पहिली पूर्ण इमेज झाली की पुढं फक्त बदललेलं तेवढं साठवतं. इमेज धड आहे का ते तपासायची सोय असते, आणि इमेज उघडून आतली एकच फाईलही काढता येते. शेवटची सोय विंडोजच्या इमेजमध्येही आहे, कारण ती मुळात व्हीएचडी, म्हणजे फाईलच्या रूपातली डिस्क असते, दुसऱ्या मशीनवर जोडता येते. पण हे माहीत असणारा मालक मला अजून भेटलेला नाही.

मात्र इमेज आहे म्हणून रोजच्या फायलींकडं दुर्लक्ष करून चालत नाही. जीएसटी लागू झाला त्या २०१७ सालीच आमच्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. रविवार पेठेतल्या एका किराणा व्यापाऱ्याकडं विंडोज १० ची फाईल हिस्टरी आम्ही चालू करून दिली होती. ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, फोटो असे ठरावीक फोल्डर सांभाळते. त्यांचा सगळा हिशेब, म्हणजे टॅलीचा डेटा, थेट सी ड्राइव्हवर होता. तो यादीत घालायला हवा होता, आम्ही घातला नाही. डिस्क गेल्यावर घरच्या बारशाचे फोटो परत आले, टॅली आली नाही. पेनड्राइव्हवरची कॉपी १९ दिवसांपूर्वीची. माझी बायको चार रात्री त्यांच्या गादीवर बसून बिलांवरून व्हाउचर भरत होती. आम्ही पैसे घेतले नाहीत. त्या शेठजींनी दुसरा माणूस शोधला नाही, याचं ऋण आम्ही मानतो.

त्याच वर्षी विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीबरोबर मायक्रोसॉफ्टनं सिस्टिम इमेज बॅकअप मागं पडलेल्या गोष्टींच्या यादीत टाकला आणि पूर्ण डिस्कच्या बॅकअपसाठी दुसऱ्या कंपन्यांची सॉफ्टवेअर वापरा, असं सुचवलं. सोय काढली नाही, पण तिच्यावर भिस्त ठेवू नये हे आम्हाला पटलेलंच होतं. फुकटातल्या वेगळ्या सॉफ्टवेअरचाही भरवसा कायमचा नसतो. मॅक्रियम रिफ्लेक्टची मोफत आवृत्ती आम्ही बऱ्याच ठिकाणी बसवली होती. १ जानेवारी २०२४ ला तिचा सपोर्ट संपला, आणि एकेक मशीन हलवायला आमचे तीन महिने गेले.

२०१९ च्या ऑगस्टच्या पुरानं आणखी एक शिकवलं. संकेश्वरच्या एका खत दुकानात इमेज अगदी ताजी होती, पण ती डिस्क सीपीयूला टेकवूनच ठेवलेली. दोन्ही पाण्यात गेले. तेव्हापासून एक डिस्क दुकानात आणि एक मालकाच्या घरी, दर शनिवारी अदलाबदल. जोडून ठेवायची नाही, कारण व्हायरसनं फायली कुलूपबंद केल्या तर जोडलेली डिस्कही सुटत नाही.

आता दर तीन महिन्यांनी आमच्याकडच्या मोकळ्या डिस्कवर प्रत्येक गिऱ्हाइकाची इमेज उतरवून बघतो. बूट करायचा पेनड्राइव्हही त्याच मशीनला लावून बघतो, कारण नव्या लॅपटॉपच्या स्टोरेजचा ड्रायव्हर कधी कधी पेनड्राइव्हवर नसतो आणि मग त्याला आतली डिस्कच दिसत नाही. ते ऐन वेळी कळून उपयोग नाही.

उद्यमबागेतल्या एका वर्कशॉपमध्ये सीएनसीला, म्हणजे प्रोग्रॅमवर चालणाऱ्या कटिंगच्या मशीनला, प्रोग्रॅम पाठवणारा विंडोज एक्सपीचा कॉम्प्युटर अजून चालतो. सिरीयल पोर्टची केबल, ४० जीबीची जुन्या पद्धतीची आयडीई डिस्क. एक्सपीच्या स्वतःच्या बॅकअपमधून पूर्ण सिस्टिम उभी करायची तर फ्लॉपी लागते, आणि फ्लॉपी आता कुठून आणणार? म्हणून क्लोनझिलाच्या सीडीवरून बूट करून त्याची इमेज काढून ठेवली होती. क्लोनझिला फुकट आहे, पण एरवी त्यालाही नवी डिस्क जुन्यापेक्षा लहान चालत नाही, हे लक्षात ठेवून १२० जीबीची एसएसडी आणि आयडीईचं कन्व्हर्टर डब्यात तयार होतं. गेल्या दिवाळीआधी दुपारी दोनला तो बंद पडल्याचा फोन आला. मी खानापूरला होतो. आमच्याकडं वर्षभरापूर्वी कामाला लागलेला पोरगा एकटाच डबा घेऊन गेला. मी फोनवर होतो, पण त्यानं मला काहीच विचारलं नाही. सव्वाचारला सीएनसीवर जॉब लागला.