बाळंतिणीची अँजिओग्राफी

बाळंत होऊन अकरावा दिवस, बारसं उद्यावर, आणि बाई छातीत दुखतं म्हणून रात्री कॅज्युअल्टीत. वय 32. शुगर नाही, बीपी नाही, मिश्रीसुद्धा नाही. घरच्यांनी वात धरला म्हणून शेकलं होतं. त्यांना काय बोलणार? बाळंतिणीला हार्ट अटॅक येऊ शकतो हे पुष्कळ डॉक्टरांनाही चटकन सुचत नाही. ड्यूटीवरच्या पोरीने मात्र ईसीजी काढला आणि मला उठवलं.

टेबलावर घेतलं तेव्हा तिचा गाऊन दुधाने भिजला होता. सिस्टरने न बोलता वर टॉवेल टाकला. डाय सोडला. डावीकडची पुढची मोठी धमनी, आमची एलएडी, निम्म्यापर्यंत छान. तिथून एकदम बारीक होऊन टोकापर्यंत तशीच गुळगुळीत. चरबीचा ब्लॉक असा दिसत नाही. हे स्कॅड: धमनीच्या भिंतीचे पदर आपोआप सुटून मध्ये रक्त साचणं. ओल धरलेल्या भिंतीचा पोपडा फुगावा तसं.

या आजाराची पहिली नोंद 1931ची, तीही शवविच्छेदनातली, एका 42 वर्षांच्या बाईची. आजही दहातले नऊ रुग्ण बायकाच. धमनीच्या भिंतीत इस्ट्रोजेन-प्रोजेस्टेरॉन या बायकांच्या हार्मोनना पकडणारे रिसेप्टर असतात. 1967 साली गरोदर बायकांच्या महाधमन्या सूक्ष्मदर्शकाखाली तपासल्या, तेव्हा लवचिक तंतूंची नागमोडी घडी मोडलेली आणि जाळीदार तंतू तुटलेले दिसले. त्यात गरोदरपणी रक्त जवळजवळ दीडपट होतं. बाळंतपणानंतर हार्मोन झपकन उतरतात, भिंत तेवढ्या घाईने सावरत नाही, असा आमच्यातला कयास.

बाहेर भाऊ उभा. "डॉक्टर, ब्लॉकेज आहे ना? मग स्प्रिंग टाका, पैशाचं मी बघतो."

त्याला समजावणं अँजिओग्राफीपेक्षा अवघड गेलं. वायर भलत्या पदरात शिरली तर धमनी आणखी फाटते. स्टेंट, म्हणजे ती स्प्रिंग, फुगवला की साचलेलं रक्त पुढेमागे सरकतं. रक्त वाहतंय, दुखणं थांबलंय, तर हात लावायचा नाही. बहुतेकींची भिंत काही आठवड्यांत आपली आपण भरते. त्याचा विश्वास बसला नाही. तरी सही केली.

रक्त गोठू न देणारं हेपरिन बंद केलं. ॲस्पिरिन, हृदयावरचा ताण कमी करणारं बीटा ब्लॉकर आणि मॉनिटर. तिचा प्रश्न एकच, बाळाला पाजू का? या औषधांवर पाजता येतं, म्हटल्यावर तिने आईला बाळ आणायला पिटाळलं.

दोन महिन्यांनी सीटी केलं, एलएडीची भिंत पूर्ण भरून आलेली. अशा बायकांच्या इतर धमन्याही कधीकधी सदोष निघतात, म्हणून मान आणि किडनीच्याही पाहिल्या; ठीक होत्या. कार्डावर लाल पेनाने लिहिलं: गर्भनिरोधक गोळ्या नकोत, कॉपर-टी. पुन्हा दिवस राहण्याचा विचार मला विचारल्याशिवाय नाही. यावर सासूबाई जरा नाराज दिसल्या.