बघ ना, कसा आलाय!

कोणी असं म्हणत कॅमेऱ्याचा स्क्रीन पुढे केला, की ओळखावं, त्याला ‘वा!’ ऐकायचंय. त्यात गैर काही नाही. अंधारात उठून, पाठीवर ओझं घेऊन, चिखलात गुडघे टेकून माणसाने फोटो काढलेला असतो. तेवढी दाद त्याला मिळायलाच हवी. खरी पंचाईत पुढे होते. ‘वा, मस्त’ म्हणून झाल्यावर तोच माणूस आवाज खाली आणून ‘आता खरं सांग’ म्हणतो आणि भलेभले घसा खाकरू लागतात.

मग पळवाटा निघतात. ‘लेन्स कुठली?’ ही सगळ्यात जुनी. तिच्या खालोखाल क्षितिज. क्षितिज तिरकं आहे हे सांगायला ना नजर लागते ना धाडस. हल्ली कॅमेराच स्क्रीनवर रेघ दाखवून ते सांगतो. आकाश जळून पांढरं पडलंय, सावल्या ठार काळ्या झाल्यात, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपण्याची संवेदनशीलता) वाढवल्यामुळे नॉइज, म्हणजे रवाळपणा, आलाय, हे सगळं खरं असतं आणि सांगावंही. पण पुष्कळदा या बारीकसारीक दोषांच्या आडोशाला बसून आपण मुख्य गोष्ट गिळून टाकतो, की बाबा रे, फोटो स्वच्छ आहे, पण बघून मला काहीच वाटलं नाही. हिस्टोग्राममध्ये, म्हणजे कॅमेऱ्यातल्या उजेड-अंधाराच्या आलेखात, ते दिसत नाही आणि म्हणून सांगायला जड जातं.

निव्वळ दोष मोजत बसलं की काय होतं, याचा नामी दाखला फोटोग्राफर रॉबर्ट फ्रँक यांचा. त्यांचं ‘द अमेरिकन्स’ हे फोटोंचं पुस्तक फ्रान्समध्ये १९५८ साली आणि अमेरिकेत १९५९ साली आलं, तेव्हा ‘पॉप्युलर फोटोग्राफी’ मासिकात त्याची सालटी काढली गेली. धूसर, दाणेदार, एक्स्पोजर गढूळ, क्षितिजं तर दारू प्यायल्यासारखी! गंमत म्हणजे यातलं बरंचसं खरंच होतं. दाणे होते, क्षितिजं कलली होती. टीकाकारांना ते बरोबर दिसलं आणि त्यांची नजर तिथेच अडकली. आज हेच पुस्तक फोटोग्राफी शिकणाऱ्यांना आवर्जून दाखवतात.

अर्थात, या किश्श्याचा गैरफायदाही आम्ही हौशी मंडळी भरपूर घेतो. हललेल्या फोटोला कोणी नाव ठेवलं, की लगेच फ्रँकचं नाव पुढे. एक मात्र सोयीस्कर विसरतो. त्या पुस्तकात फोटो आहेत ८३ आणि ते निवडलेत २७ हजारांहून जास्त फोटोंमधून. मासिकवाल्यांच्या कितीतरी आधी फ्रँकनीच आपल्या फोटोंवर निर्दयपणे काट मारली होती. आम्हाला एकाच पक्ष्याच्या तीसएक सारख्या फोटोंतला एक ठेवून बाकीचे उडवायचे म्हटलं तरी पोटात गोळा येतो.

पक्ष्यावरून आठवलं. आमच्यातल्या एकाने खंड्याचा फोटो दाखवला. चोचीत मासा, उडालेले थेंब जागच्या जागी थिजलेले, डोळा लख्ख फोकसमध्ये. सगळ्यांनी तोंडभर कौतुक केलं. एक ज्येष्ठ बाई तेवढ्या गप्प होत्या. त्यांनी हात पुढे केला आणि स्क्रीनची उजवी कड तळव्याने झाकली. तिथे, पक्ष्याच्या बऱ्याच मागे, ऊन पडलेलं एक पांढुरकं पान होतं. ते झाकलं गेलं मात्र, खंड्या एकदम उठून दिसायला लागला. ‘माझी नजर आधी तिकडे जाते,’ त्या म्हणाल्या, ‘मग पक्ष्याकडे येते.’ बस्स, एवढंच. चूक-बरोबर नाही, नियम नाही, स्वतःच्या डोळ्यांचं काय झालं तेवढं सांगितलं. मला विचाराल तर टीका असावी ती अशी. ‘मी बुवा तोंडावर बोलतो’ म्हणणाऱ्यांचा निम्मा वेळ स्वतःच्या तोंडाचं कौतुक करण्यातच जातो.

फोटोवाला अर्थातच उसळला. किती वेळ बसून होतो, डास कसे फोडून खात होते, पक्षी किती लाजरा! सगळं मान्य, पण ते डास फ्रेममध्ये नव्हते. काढणाऱ्याला स्वतःच्या फोटोत ती पहाटही दिसत असते, म्हणून तर त्याला ते पान दिसत नाही. महिना-दोन महिने फोटोला हातच न लावणं हा त्यावरचा त्यातल्या त्यात बरा उपाय. पहाट विरते, पान उरतं.

आणि ऐकावं तरी किती जणांचं? पाच जणांनी सुचवलेले पाचही क्रॉप मानले, तर शेवटी हातात पासपोर्ट फोटो उरेल. मी लोकांचे उपाय फारसे मनावर घेत नाही. पण एकमेकांशी न बोललेले तिघे एकाच जागी अडखळले, तर ती जागा मात्र पुन्हा बघतो.

त्या खंड्याचा निकाल काही लागला नाही. पान कापावं, तर पक्षी उजवीकडे बघतोय; चोचीपुढे मोकळी जागाच राहत नाही. पान ठेवावं, तर नजर तिकडे पळते. शेवटी बाई म्हणाल्या, ‘दोन पावलं उजवीकडे सरकून घेतला असतास, तर पान फ्रेमबाहेर गेलं असतं.’

‘ताई, उजवीकडे पाणी होतं!’

‘किती खोल?’