डिस्नेचा डायनिंग प्लॅन: घ्यावा की नाही?

फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डचा डायनिंग प्लॅन, म्हणजे जेवणाचे पैसे आधीच भरायची सोय, डिस्नेच्याच हॉटेलात पॅकेजवर उतरणाऱ्यांना मिळतो. त्यातली क्रेडिट्स, म्हणजे जेवणाची कुपनंच म्हणा, रात्रींवर मोजतात: 4 रात्री, 5 दिवस राहिलात तरी हिशेब चारचाच. मोठ्या प्लॅनमध्ये दर रात्री माणशी एक टेबल-सर्व्हिस (वेटर वाढतो ते) जेवण, एक क्विक-सर्व्हिस (काउंटरवरून घ्यायचं), एक स्नॅक. टिप वेगळी, हे बरेचजण विसरतात. सिग्नेचर, म्हणजे उंची रेस्टॉरंट एका जेवणाला टेबल-सर्व्हिसची दोन क्रेडिट खातं. मिकीसोबतचा बुफे मात्र एकातच, त्यामुळे पैसे वसूल होतात ते तिथे. शाकाहारी मंडळींचं गणित मात्र फिसकटतं: स्टेक मागवा नाहीतर पास्ता, क्रेडिट तेवढंच. बुकिंगआधी मेनूतल्या किमतींची बेरीज करून प्लॅनच्या किमतीशी ताडून पाहा. उरलेली क्रेडिट्स चेकआउटच्या दिवशी मध्यरात्री बुडतात. मग पोट भरलेलं असतानाही पॉपकॉर्नच्या रांगेत उभं राहायचं!